ज्याचं त्याचं आर्ग्युमेंट

भाचीनं पाठवलेल्या तक्त्यात एका तालुक्याच्या जुलै महिन्यापुढे एकूण पाऊस ० मिमी होता. जुलै, आणि तोही घाटमाथ्याला लागून असलेल्या तालुक्याचा. त्याच ओळीत पुढे, सरासरीच्या रकान्यात ‘एनएएन’, म्हणजे ही संख्याच नव्हे असं उत्तर, आणि एका दिवसातल्या सर्वांत जास्त पावसाच्या रकान्यात उणे अनंत. खाली तिचा मेसेज होता : “मावशी, कोड नीट चालतोय, एररसुद्धा नाही. पण ही ओळ बघून कसंतरीच होतंय. तिघांनाही मी एकच सांगितलं होतं गं, मग तिघांची तीन उत्तरं कशी?” ती कृषी हवामानशास्त्रात एम.एस्सी. करते आहे. तालुक्यांचा रोजचा पाऊस घ्यायचा, आणि आर या संगणकीय भाषेत दर महिन्याचे काही आकडे काढायचे : एकूण पाऊस, सरासरी, कमाल, पावसाचे दिवस, ९५वं शतमान (साधारण ९५ टक्के दिवसांचा पाऊस ज्याच्या खाली राहतो तो आकडा), सलग कोरड्या दिवसांचा सर्वांत लांब खंड. प्रत्येक आकड्याला एक फंक्शन, म्हणजे दिलेल्या डेटावर ठरलेला हिशेब करून उत्तर देणारा कोडचा तुकडा. प्रत्येक फंक्शनला लागणाऱ्या गोष्टी मात्र वेगळ्या. तिचा मूळ प्रश्न एवढाच होता, की ही सगळी एका दमात, एका डेटावर कशी चालवायची. त्या शून्यामुळे प्रश्न मोठा झाला.

तो महिना कोरडा नव्हताच. त्या महिन्यात नोंदी झाल्या नव्हत्या. ३१ च्या ३१ जागा रिकाम्या होत्या. तिनं सगळ्या फंक्शनना ‘एनए-आरएम’ खरं असं सांगितलं होतं, म्हणजे नसलेल्या नोंदी वगळून हिशेब करा. सगळंच वगळल्यावर उरलं काहीच नाही. काहीच नसलेल्याची बेरीज शून्य, हा गणितातला जुना संकेत आणि बेरीज करणारं ‘सम’ तो पाळतं. सरासरीला शून्य भागिले शून्य करावं लागतं, म्हणून ते हात वर करतं. ‘मॅक्स’ला रिकाम्या पिशवीतून सर्वांत मोठा आकडा काढायला सांगितला तर ते एक इशारा देऊन उणे अनंत परत करतं. तिन्ही उत्तरं आपापल्या जागी बरोबर आहेत. पण उणे अनंत बघून माणूस थबकतो, ‘एनएएन’ बघून थबकतो. शून्य बघून कुणी थबकत नाही. शून्य पावसासारखंच दिसतं.

माझे आजोबा मामलेदार कचेरीत कारकून होते. कचेरीच्या आवारात, झाडांपासून लांब, पर्जन्यमापक होतं. पावसाळ्यात कधी आजोळी असले की त्यांच्या डोक्यावर छत्री धरायचं काम माझं. सकाळी साडेआठला ते फनेल काढत, आतल्या बाटलीतलं पाणी काचेच्या मापपात्रात ओतत आणि खाली वाकून ते डोळ्यांच्या रेषेत आणत. काचेच्या कडेला पाणी किंचित वर चढलेलं असतं. तिथला आकडा घ्यायचा नाही, मधला खोलगट तळ जिथे टेकतो तो घ्यायचा. मग ओले हात धोतराला पुसून आत जाऊन नोंदवहीत लिहायचं. वहीला ओल्या गोणपाटाचा आणि शाईचा वास यायचा. पाऊस झाला नसेल त्या दिवशी ते ‘निरंक’ लिहीत. आणि एखाद्या दिवशी बाटली फुटली, कुणी माप घेतलंच नाही, तर त्या चौकटीत काहीच न लिहिता तांबडी रेघ मारून बाजूला सही करत. वहीच्या पानावर निरंक आणि तांबडी रेघ लांबूनही वेगळी दिसायची. महिनाअखेरची बेरीज करताना रेघ असलेल्या महिन्याच्या बेरजेखाली ते एक ओळ लिहीत : इतक्या दिवसांची नोंद नाही. बेरीज तीच राहायची, पण वाचणाऱ्याला ती कशाची आहे ते कळायचं.

भाचीच्या तक्त्यात ती ओळ नव्हती.

‘नसलेल्या नोंदी वगळा’ हे वाक्य ऐकायला किती सरळ वाटतं! पण तेच वाक्य ‘सम’ला सांगितलं तर त्याचा अर्थ होतो, की त्या दिवशी पाऊस पडलाच नाही असं धरा. सरासरी काढणाऱ्या ‘मीन’ला सांगितलं तर अर्थ होतो, की त्या दिवशी बाकीच्या दिवसांच्या सरासरीइतका पाऊस पडला असं धरा. ‘मॅक्स’ला सांगितलं तर, त्या दिवशी काहीही पडलं असेल, पण बाकीच्या दिवसांच्या कमालीहून जास्त नक्कीच नाही. एका महिन्याबद्दल एकाच तक्त्याच्या एकाच ओळीत आपण तीन वेगळ्या, एकमेकींशी न जुळणाऱ्या समजुती शेजारी शेजारी ठेवतो. सांताक्रूझचा २६ जुलै २००५ चा पाऊस घ्या. ९४४ मिमी, सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला ७३ मिमीच्या आसपास पडला होता. समजा सांताक्रूझची तेवढी एकच नोंद गहाळ असती, तर ‘मॅक्स’नं त्या महिन्याबद्दल काय सांगितलं असतं? एका नोंदीच्या जागी आपण काय धरतो, यावर अख्खा महिना उभा असतो. म्हणून वेगवेगळी फंक्शन एकत्र आणताना सगळ्यांना एकाच मापाचे कपडे चढवण्याचा जो पहिला मोह होतो, त्याची मला भीती वाटते.

तो मोह आर भाषेत फार सहज पुरा होतो. फंक्शनांची एक लिस्ट करायची, ‘एल-अप्लाय’नं तिच्यावरून फिरायचं आणि प्रत्येकाला डेटा आणि ‘एनए-आरएम’ द्यायचं. पहिली ठेच किती नोंदी आहेत ते मोजणाऱ्या ‘लेंग्थ’ला लागते. त्याला फक्त एकच आर्ग्युमेंट, म्हणजे फंक्शनच्या हाती दिलेली गोष्ट, चालतं. दुसरं दिलंत तर ते तिथल्या तिथे काम थांबवतं. हे उत्तम. थांबलं म्हणजे निदान कळतं तरी. न थांबणाऱ्यांचं काय? वर्गात शिकवत असताना मी मुलांना मुद्दाम ‘एनए-आरएम’चं स्पेलिंग उलटसुलट लिहायला लावायचे आणि तेच आर्ग्युमेंट तीन फंक्शनना द्यायला सांगायचे. प्रमाण विचलन काढणारं ‘एसडी’ लगेच तक्रार करतं, की हे आर्ग्युमेंट मला माहीत नाही. ‘मीन’ ते गुपचूप घेतं आणि फेकून देतं. आणि ‘सम’? ‘सम’ला हवी तितकी आर्ग्युमेंट चालतात, त्यामुळे चुकीच्या नावानं आलेलं ‘खरं’ हे मूल्य ते आणखी एक आकडा समजतं, त्याची किंमत एक धरतं आणि बेरजेत मिळवतं. बाराशे मिलिमीटरच्या वर्षात एक मिलिमीटर जास्त. ते कुणाच्या लक्षात येणार? तसंच एक, दोन, तीन हे आकडे स्वल्पविराम देऊन सुटे दिले तर ‘सम’ सहा सांगतं, ‘मॅक्स’ तीन सांगतं आणि ‘मीन’ सांगतं एक, कारण त्याच्या लेखी पहिलाच आकडा डेटा असतो आणि दुसरा त्याचा एक पॅरामीटर, म्हणजे हिशेब कसा करायचा ते सांगणारं मूल्य, होऊन बसतो. वर्ग क्षणभर शांत व्हायचा. बाहेरून सारखी दिसणारी ही फंक्शन आतून किती निरनिराळ्या स्वभावाची आहेत, हे त्या क्षणी मुलांच्या चेहऱ्यावर उमटायचं. मला तो तास फार आवडायचा.

मग काही हुशार मुलं म्हणायची, मॅडम, आपण आधी फंक्शनलाच विचारू या, की तुला कुठली आर्ग्युमेंट चालतात, आणि तेवढीच देऊ. त्यासाठी ‘फॉर्मल्स’ नावाची सोय आहे खरी. पण ‘सम’, ‘मॅक्स’, ‘लेंग्थ’ ही मंडळी थेट भाषेच्या गाभ्यात लिहिलेली असल्यानं ‘फॉर्मल्स’ त्यांच्याबाबतीत काहीच परत करत नाही. ज्यांची सर्वांत जास्त गरज, तीच बोलत नाहीत.

खरं तर ही भाषाच फंक्शनभोवती उभी आहे. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत जॉन चेंबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एस नावाची भाषा सुरू केली. पुढे न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी तिच्यासारखी दिसणारी, पण आतून स्कीम या भाषेकडून बरंच काही घेतलेली आर घडवली. तिची १.० आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० ला आली. चेंबर्स म्हणतात, की आरमध्ये जे जे आहे ते ऑब्जेक्ट आणि जे जे घडतं ते फंक्शनला मारलेली हाक. फंक्शन हीसुद्धा एक वस्तूच. म्हणजे ती लिस्टमध्ये ठेवता येते, दुसऱ्या फंक्शनच्या हातात देता येते, एका फंक्शनमधून दुसरं फंक्शन जन्माला घालता येतं. आणि स्कीमकडून आलेली सर्वांत मोलाची देणगी ही, की असं जन्मलेलं फंक्शन आपल्या जन्मस्थानाची आठवण ठेवतं. तिथे असलेली मूल्यं ते बरोबर घेऊन फिरतं.

मी भाचीला त्याच वाटेनं जायला सांगितलं. प्रत्येक आकड्यासाठी एक छोटं, बिननावाचं फंक्शन लिही, आणि त्याचा पॅरामीटर त्याच्या पोटातच ठेव. २०२१ मध्ये आलेल्या ४.१.० आवृत्तीपासून हे एक उलटी तिरकी रेघ देऊन एका ओळीत लिहिता येतं. मग लिस्ट वाचतानाच कळतं : ‘एकूण पाऊस’ म्हणजे ही बेरीज, नसलेल्या नोंदींचं असं करून, ‘पावसाचे दिवस’ म्हणजे २.५ मिमी किंवा त्याहून जास्त पावसाच्या दिवसांची मोजणी. ‘शतमान’ म्हणजे ९५वं. लिस्टमधली नावं तिनं मराठीतच दिली, अवतरण चिन्हांत. तिच्या गाईडना आवडेल की नाही ठाऊक नाही, मला फार आवडलं. डीप्लायर हे आरचं पॅकेज, म्हणजे तयार फंक्शनांचा संच, वापरणाऱ्यांना आठवत असेल, पूर्वी त्यातल्या ‘अक्रॉस’मध्ये फंक्शनांची यादी देऊन शेवटी सगळ्यांना लागू होणारं ‘एनए-आरएम’ एकदाच टाकता यायचं. २०२३ च्या १.१.० आवृत्तीपासून ती पद्धत मोडीत काढायला घेतली आहे. त्याऐवजी बिननावाचं फंक्शन लिहा असं पॅकेज स्वतःच सुचवतं. तेव्हा पुष्कळ जण कुरकुरले होते. चार अक्षरं जास्त लिहावी लागतात, हे खरंच. पण त्या चार अक्षरांत निर्णय लिहिलेला असतो.

दुसरी वाटही आहे, आणि तिची ओढ मला कळते. एका लिस्टमध्ये नुसती फंक्शन ठेवायची, दुसरीत त्यांची त्यांची आर्ग्युमेंट, आणि ‘मॅप’नं दोन्ही लिस्ट जोडीजोडीनं चालवायच्या. आत ‘डू-कॉल’ असतं, ते आर्ग्युमेंटांची लिस्ट घेऊन फंक्शनला हाक मारतं. पॅरामीटर कोडबाहेर, एखाद्या फाइलमध्ये ठेवायचे असतील, दर जिल्ह्याला वेगळे द्यायचे असतील, तर हीच वाट सोयीची. फक्त ‘मॅप’ जोड्या लावतं ते जागेनुसार, नावानुसार नाही. दोन्ही लिस्टना छान नावं दिली, पण एकीत क्रम बदलला, की शतमानाचा पॅरामीटर भलत्याच्याच गळ्यात पडतो. उत्तरावर नाव मात्र पहिल्या लिस्टमधलं लागतं, म्हणजे चुकीचा आकडा बरोबर नावानं समोर येतो. आणि आर्ग्युमेंटांची लिस्ट आखूड पडली तर ती पुन्हा पहिल्यापासून वापरली जाते. सहा फंक्शन आणि तीन आर्ग्युमेंट असतील तर पटीत बसतं म्हणून इशाराही मिळत नाही. त्यावर उपाय छोटा आहे : आर्ग्युमेंटांची लिस्ट आधी फंक्शनांच्या नावांनी रचून घ्यायची. एक ओळ. ती ओळ लिहायला कुणी सांगत नाही, म्हणून इथे सांगते आहे.

आता ते २.५ मिमी. आपल्याकडे हवामान खातं २.५ मिमी किंवा जास्त पाऊस झालेल्या दिवसाला पावसाचा दिवस म्हणतं. भाची हा आकडा कोडमध्ये थेट लिहून मोकळी झाली होती. हा आकडा आला कुठून असं मी विचारलं, तर म्हणाली, “मावशी, तोच असतो.” आजोबांच्या आधीच्या वह्यांमध्ये पाऊस इंच आणि सेंटमध्ये असे. दहा सेंट, म्हणजे इंचाचा दहावा भाग, म्हणजे २.५४ मिमी. आजचा उंबरठा त्या दहा सेंटचा वारस. मी तिला एक फंक्शन लिहायला लावलं, जे उंबरठा घेतं आणि त्या उंबरठ्याचं मोजणारं फंक्शन परत देतं. मग माण-खटावसाठी एक, कोकणासाठी एक, असे हवे तितके मोजणारे तयार करता येतात आणि प्रत्येक जण आपला उंबरठा लक्षात ठेवतो. तिनं कोकणातल्या एका तालुक्यावर चालवून पाहिलं. जुलैत अडीच मिमी पडला तर कोकणातला माणूस त्याला उघडीप म्हणेल, वाळवण बाहेर काढील. पुस्तकात तो पावसाचा दिवस. अधिकृत व्याख्या बदलावी असं माझं म्हणणं नाही. तुलना करायची तर ती एकच हवी. पण तो आकडा कुणीतरी ठरवलेला आहे आणि तो बदलून बघता येतो, हे कोड वाचणाऱ्याला दिसलं पाहिजे.

शतमानाचा पॅरामीटर याहून लपलेला. शतमान काढणाऱ्या ‘क्वांटाइल’ला ९५ टक्के सांगितलं की झालं, असं वाटतं. पण शतमान काढायच्या नऊ पद्धती त्या एका फंक्शनमध्ये आहेत. हाइंडमन आणि फॅन या संख्याशास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये त्यांची जी मांडणी केली, तेच क्रमांक आर वापरते. काही न सांगता मिळते ती सातवी. समजा जुलैचे ३१ दिवस कमी पावसाकडून जास्त पावसाकडे लावून मांडले आणि शेवटचे तीन दिवस ८०, १०० आणि ३०० मिमीचे आहेत. सातव्या पद्धतीनं ९५वं शतमान येतं २९व्या आणि ३०व्या दिवसाच्या बरोबर मध्ये, म्हणजे ९० मिमी. एसपीएसएस या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये चालते ती सहावी पद्धत घेतली तर ते ३०व्या आणि ३१व्या दिवसाच्या दरम्यान पडतं आणि उत्तर येतं १८० मिमी. हवामान खात्याच्या वर्गवारीत ९० म्हणजे जोरदार पाऊस, १८० म्हणजे अति जोरदार. महिना तोच, नोंदी त्याच. दोन विद्यापीठांत दोन सॉफ्टवेअर वापरणाऱ्या दोन मुली एकाच वहीवरून दोन निरनिराळे जुलै लिहू शकतात, आणि दोघींनी केलेलं सगळं काही बरोबर असेल. त्यामुळे तिच्या लिस्टमध्ये पद्धतीचा क्रमांकही आला. सातच ठेवला, पण लिहून ठेवला.

आणि सर्वांत शेवटी कोरडा खंड, ज्यावर आमचं एकमत झालेलं नाही. २०२३ चा ऑगस्ट कुणी विसरलेलं नाही. सोयाबीन उभं वाळत होतं आणि गावोगाव एकच चौकशी चालू होती, आपल्या महसूल मंडळात एकवीस दिवसांचा खंड भरला का? विम्याची आगाऊ भरपाई त्या एकवीसवर अडली होती. आता सलग दिवस मोजायला आरमध्ये ‘आरएलई’ आहे. एकसारख्या मूल्यांची सलग लांबी ते मोजून देतं. पण नसलेली नोंद त्याला कशासारखीच वाटत नाही, शेजारच्या नसलेल्या नोंदीसारखीसुद्धा नाही. म्हणून एकवीस कोरड्या दिवसांच्या बरोबर मध्ये एका दिवसाची नोंद नसेल तर खंड तुटतो आणि दहा-दहाचे दोन तुकडे होतात. तीच नोंद आधी वगळून टाकली तर दोन्ही बाजू एकमेकींना चिकटतात आणि वीस होतात. ती कोरडी धरली तरच एकवीस. दहा, वीस, एकवीस. एका रिकाम्या चौकटीचं काय करायचं, एवढाच त्यांच्यातला फरक. भाचीला वाटतं, नोंद नाही तर खंड तुटला असंच धरावं, आपण पदरचं काही घालू नये. मला वाटतं, अलीकडे-पलीकडे दहा-दहा दिवस निरभ्र असताना मधल्या दिवशी नेमका त्या शेतावर पाऊस पडला असं धरणं, हेही पदरचं घालणंच आहे. ती म्हणते, “मग शास्त्रीय काय गं यात?” तिच्या या प्रश्नाला माझ्यापाशी एका वाक्याचं उत्तर नाही.

तूर्तास लिस्टमध्ये खंडाची दोन फंक्शन आहेत, दोन्हींचं गणित एकच, फक्त नसलेल्या नोंदीबद्दलचा पॅरामीटर वेगळा, आणि त्यांचे रकाने शेजारी शेजारी येतात. तिसरा रकाना त्या महिन्यात किती दिवसांची नोंद नाही याचा. गाईड म्हणणार, तक्ता रुंद होतोय, दोनांपैकी एक काढ. कुठला काढायचा हे विचारायला ती फोन करील तेव्हा मी तिला सांगणार आहे, की दोन्ही ठेव आणि जागा हवी असेल तर सरासरीचा काढून टाक.